जिंगदेझेनचं पोर्सिलेन : पातळ वाडगा आधी जाड का काढतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्टोनवेअरवर, म्हणजे जाडसर, पक्क्या भाजलेल्या मातीच्या भांड्यांवर, काही वर्षं हात बसलेला आहे, आता पोर्सिलेन सुरू केलंय. चीनमधल्या जिंगदेझेनच्या कारागिरांचं बघून तसंच करायला गेलं की वाडगा चाकावरच खचतो, वाळताना बुडाला चीर जाते, भट्टीतून काठ लंबगोल होऊन येतो आणि कोबाल्टचा निळा काळपट निघतो. त्यांची माती वेगळी की हात वेगळा? आणि पंधरा दिवस तिकडे जायचं ठरलं तर काय बघावं?

माती वेगळी आहे, आणि त्या मातीनेच तिथला हात घडवलाय. तिथली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचं उणं भरून काढते. मधली एकच उचलून आणली की ती फसते. वाडगा पातळ होण्यामागची मुख्य कामं तर चाकावर होतच नाहीत.

म्हणून सुरुवात दगडापासून. जिंगदेझेन हे च्यांगशी प्रांताच्या ईशान्येला, चांग नदीच्या काठी वसलेलं शहर. नदी पुढे पोयांग सरोवरात आणि तिथून यांगत्सेला मिळते. शहराचं जुनं नाव चांगनान, म्हणजे चांगच्या दक्षिणेचं. 1004 साली सोंग सम्राटाने आपल्या कारकिर्दीचं ‘जिंगदे’ हे नाव त्याला दिलं, तेच टिकलं. आसपासच्या डोंगरांत जो ‘पोर्सिलेनचा दगड’ मिळतो त्यात मुख्यतः गारगोटी आणि सेरिसाइट नावाचा बारीक पांढरा अभ्रक असतो, शिवाय थोडा फेल्डस्पार, म्हणजे भट्टीत वितळणारं खनिज. मेख या सेरिसाइटमध्ये आहे. ओला असताना तो मातीला थोडा लवचिकपणा देतो आणि भट्टीत तोच वितळवणाऱ्याचं काम करतो. आपल्याकडे पिशवीतून येणारं स्टुडिओ पोर्सिलेन वेगळ्या घराण्याचं: साधारण निम्मं काओलिन (पांढरी चिनी माती), उरलेल्यात फेल्डस्पार आणि गारगोटी, आणि लवचिकपणासाठी बॉल क्ले नाहीतर बेंटोनाइट. दोन्ही पांढरी, दोन्ही 1280 ते 1300 अंशांच्या आसपास पिकणारी, पण चाकावर आणि वाळताना स्वभाव निराळा. तिथलं गणित इथे जसंच्या तसं लागू होणार नाही, हे मनाशी धरून पुढचं वाचा.

दगड कुटायला ओढ्यांवर पाण्याने चालणारे लाकडी उखळ-हातोडे असतात. पूड मोठ्या रांजणात पाण्यात ढवळायची, जड भाग खाली बसू द्यायचा, वर आलेली चार-पाच बोटं जाडीची साय दुसऱ्या रांजणात काढायची आणि खालचं भरड पुन्हा कुटायला पाठवायचं. निवळलेला गाळ घट्ट झाला की त्याच्या लहान पांढऱ्या विटा पाडतात. त्यांना ‘बाइदुन्झ’ म्हणतात, अर्थ अगदी तोच, छोट्या पांढऱ्या विटा. फ्रेंच जेझुइट फादर दाँत्रकोल यांनी 1712 आणि 1722 साली तिथल्या कामाबद्दल लिहिलेल्या पत्रांत ही सगळी कृती आहे, विटांत होणाऱ्या भेसळीच्या तक्रारीसकट.

सोंग काळात (दहावं ते तेरावं शतक) नुसत्या दगडावर काम भागायचं. युआन काळापासून (तेरावं-चौदावं शतक) त्यात काओलिन घालू लागले. हा शब्दही इथलाच, शहराच्या ईशान्येच्या काओलिंग गावावरून आलेला. काओलिनमुळे ॲल्युमिनाचं प्रमाण वाढतं, माती जास्त उष्णता सोसते आणि मोठं भांडं भट्टीत ढासळत नाही. काओलिन हे हाड आणि दगड हे मांस, असं तिथले लोक सांगायचे. दाँत्रकोल यांनी दिलेली प्रमाणं अशी: उत्तम मालाला दोन्ही समसमान, मध्यम मालाला 4 भाग काओलिनला 6 भाग दगड, आणि कितीही हलका माल असला तरी 3 भाग दगडाला 1 भाग काओलिन हवंच. तुमचे काठ भट्टीत खचत असतील तर संशयित क्रमांक एक हाच, हाडं कमी पडली. मिश्रणात 3 ते 5 टक्के काओलिन वाढवून, तितकाच फेल्डस्पार कमी करून चाचणीची पट्टी भाजून बघा. काओलिन जास्त झालं तर माती पुरती पिकत नाही आणि पाणी पिते. भाजलेला तुकडा वजन करून रात्रभर पाण्यात ठेवा. वजन अर्ध्या टक्क्याहून जास्त वाढलं तर प्रमाण मागे घ्या.

आता चाक. ही माती ‘तोकडी’ असते. ताणली की लांबत नाही, तुटते. म्हणून जिंगदेझेनचा कारागीर भांडं पातळ काढायच्या फंदात पडत नाही. भिंत पाऊण ते एक सेंटिमीटर जाड ठेवतो आणि एका दिवसात एकाच मापाचे ढीगभर वाडगे उतरवतो. तुम्ही चाकावरच तीन मिलिमीटरला पोचायला बघता, तिथे वाडगा खचणारच. हात कच्चा आहे असं समजून आणखी पातळ काढायचा सराव करत बसू नका. जाड काढा.

दुसरी पायरी आपल्याकडे जवळजवळ कुणी करत नाही. वाडगा अर्धवट सुकला, बोटाने दाबला तर ठसा उमटेल पण चिकटणार नाही, अशा वेळी तो एका घुमटाकार साच्यावर पालथा घालतात आणि तळहाताने चोहोबाजूंनी थोपटतात. याने आतला आकार आणि माप एकसारखं होतं. शिवाय बुडाची माती दाबली जाते. वाळताना बुडाला इंग्रजी ‘एस’सारखी जी चीर पडते तिचं मूळ इथेच असतं: भिंत उठवताना तिथली माती आवळली गेलेली असते आणि बूड सैल राहिलेलं असतं. साचा नको असेल तर निदान चाकावर असतानाच लाकडी पट्टीने बूड मधून कडेला आणि कडेकडून परत मध्ये, चार-पाच वेळा दाबा. आत साचलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. बुडात पाण्याचं डबकं ठेवून भिंत उठवणं म्हणजे चिरेला आमंत्रणच.

मग भांडी लांब फळ्यांवर पूर्ण वाळवतात. लेदर-हार्ड, म्हणजे चामड्यासारखी अर्धवट सुकलेली, नव्हे, खडखडीत. आणि तासणी होते ती या कोरड्या अवस्थेत. चाकावर मधोमध एक मातीचा खुंट असतो, त्यावर भांडं पालथं बसवायचं, चाक जोरात फिरवायचं आणि लोखंडी पात्याने सोलायचं. माती पुडीच्या रूपात उडते. तासणारा मधूनमधून थांबून बोटाच्या पेराने भिंतीवर टिचकी मारतो. जाड भिंतीचा आवाज बद्द येतो आणि जसजशी भिंत उतरते तसतसा तो बदलत जातो. खांद्याशी बद्द आणि काठाशी टणक आवाज आला तर खांदा अजून उतरवायचा. पाती तो स्वतःच कानशीने घासतो, तीही कामाच्या मधेच, कारण बोथट पातं कोरडी माती कापत नाही, ढकलतं. आणि ढकललेली कोरडी भिंत फुटते. नेहमीचा वाडगा 2 ते 3 मिलिमीटरवर आणतात. अंड्याच्या कवचासारखं पातळ काम मिलिमीटरच्याही खाली जातं. तो वेगळ्याच लोकांचा प्रांत आहे, सुरुवातीला नाद करू नका.

कोरड्या तासणीची धूळ म्हणजे मुक्त सिलिका. फुप्फुसात गेली की निघत नाही. सिलिकोसिस हा या धंद्याचा जुना रोग आहे. घरगुती स्टुडिओत कोरडं तासायचं असेल तर एन-95 किंवा त्याहून वरचा मास्क, पात्याजवळ ओढून घेणारा एक्झॉस्ट, आणि नंतर ओल्या फडक्याने पुसणं. झाडू मारायचा नाही. एवढं जमत नसेल तर लेदर-हार्डच्या शेवटच्या टप्प्यावर तासा. थोडा फरक पडेल, पण बिघडत काही नाही.

तासताना बुडाखाली एक भरीव बुंधा मुद्दाम ठेवतात. रंगवताना आणि ग्लेझमध्ये (भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपात) बुडवताना भांडं धरायला तीच मूठ. सगळं झालं की अगदी शेवटी तो आतून कोरून बुडाचं कडं काढतात, तिथे शिक्का लिहितात आणि त्यावर ग्लेझ लावतात. कच्चं भांडं काठाला धरून हाताळाल तर ते तुटणारच. हे बुंध्याचं तंत्र इथेही जशाच्या तसं वापरता येतं.

रंगकामाआधी ओल्या ब्रशने सगळं भांडं एकदा पुसून काढतात. धूळ जाते, बारीक चिरा आणि भोकं उघडी पडतात. ही पुसणी टाळली तर ग्लेझ धुळीवर बसतं आणि भट्टीत सुरकुतून मागे सरतं.

निळ्याबद्दल. जिंगदेझेनमध्ये परंपरेने बिस्क, म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी, नाही. न भाजलेल्या, कोरड्या भांड्यावर कोबाल्ट, त्यावर ग्लेझ, आणि एकच भाजणी. कच्ची माती ब्रशमधलं पाणी शोषून घेते, रेघ तिथल्या तिथे बसते आणि पुसता येत नाही. चूक फक्त खरवडून निघते. छटा भरायला कोंबडीच्या डोक्यासारखा फुगीर ब्रश वापरतात. त्यात भरपूर पातळ रंग मावतो. थेंब पृष्ठभागावर ठेवून पुढे ओढत न्यायचा, ब्रशचे केस मातीला टेकूच द्यायचे नाहीत. टेकले की तिथे गडद डाग राहतो. उरलेलं पाणी ब्रशनेच परत शोषून घ्यायचं.

तुमचा निळा काळा का पडतो? बहुतेक वेळा कोबाल्ट जाड बसतो. वरचं ग्लेझ जितकं विरघळवू शकतं त्याहून जास्त कोबाल्ट असला की उरलेला धातूसारखा काळा, खडबडीत वर येतो. युआन आणि त्यानंतरच्या मिंग घराण्याच्या सुरुवातीच्या कामांवर गडद लोखंडी ठिपके दिसतात ते याच जातीचे. पश्चिम आशियातून आलेल्या त्या कोबाल्टमध्ये लोह बरंच होतं. ब्रिटिश म्युझियममधल्या, 1351 साल लिहिलेल्या दोन फुलदाण्या याच सुरुवातीच्या निळ्या कामाच्या. आज त्या ठिपक्यांचं कौतुक होतं आणि नकला करणारे ते मुद्दाम टिंबांनी रंगवतात. ती टिंबं ग्लेझच्या खाली खोल शिरलेली नसतात. तुमच्यासाठी सुरुवातीचं प्रमाण: वजनाने 1 भाग कोबाल्ट कार्बोनेट, 4 भाग तुमचीच कोरडी माती, खलात किमान तासभर घोटून. पट्टीवर एक, दोन, तीन थर देऊन भाजा. तिसऱ्या थराला काळेपणा आला तर काम दुसऱ्यावर थांबवायचं. निळा पसरत असेल तर दोष रंगाचा नसतो, ग्लेझमध्ये चुना जास्त आहे किंवा भट्टी दहा-वीस अंश वर गेली आहे.

ग्लेझची मूळ कृती साधीच. बारीक केलेला ग्लेझचा दगड, आणि चुनखडी व नेच्याची पानं थरावर थर रचून पुन्हा पुन्हा जाळून केलेली राख. राख वाढवली की ग्लेझ लवकर वितळतं, जास्त पारदर्शक होतं आणि ओघळतं. कमी केली की जाड, दुधाळ राहतं.

कच्च्या भांड्याला ग्लेझ लावणं हीच सगळ्यात जास्त नुकसानीची जागा. भिंत जितकी पातळ तितकं ती पाण्याने लवकर विरघळते. आधी आतून: ग्लेझ ओता, एकदा फिरवा, लगेच उपडं करा. मग पूर्ण वाळू द्या, घाई असेल तरी दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यानंतरच बाहेरून. दोन्ही बाजू एकाच वेळी ओल्या झाल्या तर भिंत फुगते आणि काठापासून उभी फाटते. फार पातळ किंवा मोठ्या भांड्यांना बुडवतच नाहीत, फुंकून ग्लेझ देतात. सम्राटाच्या भट्ट्यांचा कारभार पाहणाऱ्या तांग यिंग यांनी 1743 साली कामाच्या वीस चित्रांना टिपणं लिहिली. त्यात सात चीनी इंच लांबीच्या, तोंडाला बारीक कापड बांधलेल्या बांबूच्या नळीने तीन-चारपासून सतरा-अठरा वेळांपर्यंत ग्लेझ फुंकायचं सांगितलंय. आज ते काम कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन करते. थर पातळ, आणि प्रत्येक थराची ओल्या चकाकीची झाक गेल्यावरच पुढचा. ही शिस्त तीच आहे.

भट्टी. जुनी ‘गावभट्टी’ आडव्या अर्ध्या अंड्यासारखी असते: तोंडाशी उंच-रुंद, मागे निमुळती होत धुराड्याला मिळणारी, लांबी पंधरा ते वीस मीटर, सरपण पाइनचं. पाइनची ज्वाळा लांब पळते आणि राख कमी सोडते. आत सगळीकडे सारखं तापमान नसतंच, आणि कौशल्य ते सारखं करण्यात नाही. तोंडाकडे 1300च्या वर लागणारा माल, मागच्या टोकाला कमी तापमानावर पिकणारा, असं रचायचं. भांडी जाडसर, उष्णता सोसणाऱ्या मातीच्या डब्यांत, सॅगरमध्ये, बंद करून थप्प्या लावतात, म्हणजे राख आणि ज्वाळेचा फटका थेट लागत नाही. भट्टीचा मुख्य माणूस ज्वाळेचा रंग पाहतो, भोक पाडलेले नमुन्याचे तुकडे हुकाने बाहेर ओढून बघतो. 1637 साली सोंग यिंगशिंग यांनी एका कपाला बहात्तर हात लागतात असं लिहिलं. त्यातले एकाहत्तर एका रात्रीत वाया घालवण्याची ताकद भट्टीच्या या मुख्य माणसाच्या हातात असते. 1599 साली दरबाराची ड्रॅगनची मोठी रांजणं काही केल्या नीट भाजली जाईनात तेव्हा तुंग पिन नावाच्या कारागिराने भट्टीत उडी घेतली असं सांगतात, आणि त्याची भट्टीचा देव म्हणून पूजा होते.

तुमच्या गॅसच्या भट्टीत, कच्च्यावर ग्लेझ दिलेल्या मालासाठी असं चालवा: रात्रभर 80–90 अंश. मग 600पर्यंत तासाला 80 ते 100 अंशांहून जास्त नाही, कारण 450 ते 600च्या दरम्यान मातीतलं बांधलेलं पाणी निघतं आणि 573ला गारगोटी एकदम प्रसरण पावते. 950 ते 1000ला अर्धा तास, हवा भरपूर ठेवून. आतला कार्बन इथे जळून गेला नाही तर नंतर ग्लेझखाली अडकतो आणि फुगे आणतो. 1000च्या सुमारास रिडक्शन, म्हणजे भट्टीतली हवा कमी करून भाजणं, सुरू, 1250च्या आसपासपर्यंत हलकं पण सलग. त्या टप्प्यात मातीतलं थोडंसं लोह रूप बदलतं आणि पांढऱ्याला ती थंड निळसर झाक येते. रिडक्शन उशिरा, म्हणजे ग्लेझ वितळून बंद झाल्यावर दिलंत तर पांढरा पिवळट होतो. फार धुरकट दिलंत तर करडा. शेवटी डँपर (धुराड्याची झडप) मोकळा करून 1280–1300, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा.

लंबगोल काठाची कारणं क्रमाने तपासा. फळीवरून ओला वाडगा उचलताना तो चिमटला गेला होता का? नंतर हाताने गोल केला तरी माती ते लक्षात ठेवते आणि भट्टीत परत तिथेच जाते. एका बाजूने वारा किंवा ऊन लागलं का? बुडाचं कडं काठाच्या व्यासाच्या निम्म्याहून कमी आहे का? आणि खाली काय ठेवलंत? जिंगदेझेनमध्ये प्रत्येक भांड्याखाली मातीची चकती असते. चकती त्याच न भाजलेल्या मातीची केली की भांड्याबरोबर तीही आक्रसते. नाहीतर बूड खडबडीत शेल्फला धरून बसतं, वरचा भाग आक्रसतो आणि काठ ओढला जातो. आक्रसणं 15 टक्के धरलं तर 100 मिलिमीटरच्या वाडग्यासाठी ओला 118चा काढावा लागतो, म्हणजे कडं किती सरकतं ते बघा.

तांब्याचा लाल सध्या विसरा. लांग तिंगजी या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लालाबद्दल तिथे म्हण आहे, कंगाल व्हायचं असेल तर लांगचा लाल भाज. तांबं वाफ होऊन उडतं, आणि चांगल्या लालाची खिडकी फार अरुंद असते.

आता प्रवासाचं. ऑक्टोबर गाठा. 18 तारखेपासून तिथे दरवर्षी सिरॅमिक्सचा मोठा मेळा भरतो आणि हवा कोरडी असते. मे-जूनच्या पावसात काही वाळत नाही. पहिले दोन दिवस चुशानच्या शाही भट्टीच्या परिसरात घालवा. 2020 साली उघडलेलं, भट्टीच्या कमानींसारखं विटांचं संग्रहालय तिथेच आहे. अखंड भांड्यांपेक्षा जोडलेल्या फुटक्यांकडे जास्त वेळ द्या. दरबाराला न पटलेला माल फोडून तिथेच पुरायचे. 1980च्या दशकापासून तो उकरून काढलाय. काठ कुठे खचला, ग्लेझ कुठे सरलं, निळा कुठे फुटला, तुमच्या प्रश्नातले सगळे दोष सम्राटाच्या मालातही दिसतील. मग चांगच्या पश्चिमेकडचा जुन्या भट्ट्यांचा परिसर, जिथे काठीने फिरवायचं चाक, साच्यावरची थोपटणी आणि कोरडी तासणी एका रांगेत बघायला मिळते. तासणाऱ्याजवळ बसा, चाकवाल्याजवळ नको. सानबाओच्या खोऱ्यात पाण्याचे हातोडे आहेत. पूर्वीच्या युचोऊ कारखान्याच्या जागेवरचं ताओशीचुआन संध्याकाळी बरं वाटतं, पण शिकायला तिथे फारसं काही नाही.

शहरात सार्वजनिक भट्ट्या आहेत, जागेच्या मापाने पैसे घेतात. तुमचं भांडं हातगाडीवरून तिथवर कच्चंच जाईल, तेव्हा पहिल्या चार दिवसांत काढा, पाचव्या-सहाव्याला तासा, आठव्याला ग्लेझ, दहाव्याच्या आत भट्टीत. याहून उशीर केला तर निकाल न बघताच परतावं लागेल.

विकत घेताना बोट फिरवून बघा. रंग उठून हाताला लागत असेल तर तो ग्लेझवरचा, कमी तापमानावर भाजलेला असतो. जुन्या पद्धतीच्या गुलाबी-हिरव्या मिन्यात शिसं असतं. तो शोभेला ठेवा. सोलकढी, आमटी, लोणचं यांना ग्लेझखालचा निळा किंवा नुसता पांढरा घ्या. पहाटेच्या जुन्या मालाच्या बाजारात ‘मिंग’ म्हणून मिळणारं काहीही मिंग नाही असं धरून चाला, पण फुटक्या तुकड्यांची कड बघायला जरूर जा; मातीची जाडी आणि ग्लेझचा थर तिथे उघडा दिसतो.

सामानात ओली माती आणायचा मोह टाळा. दहा किलोत दोन किलोच्या वर पाणीच असतं. त्याऐवजी तासायची दोन-तीन पाती, एक कानस आणि दोन फुगीर ब्रश घ्या. पाती चेक-इनच्या बॅगेत ठेवायची, हातातल्या नाही.